घरात शिरलेला कोळसा

वास्कोतल्या बायकांना हवा किती खराब आहे हे कळायला यंत्र लागत नाही. सकाळी फरशी पुसली की बादलीतलं पाणीच काय ते सांगतं. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं की काजळासारखी काळी पूड लागते. पोराचा शाळेचा पांढरा शर्ट दोरीवर घालावा आणि दुपारी काढावा, तर कॉलरवर करडी झाक! मे महिन्यात सोलं वाळत घालायची, सांडगे-पापड घालायचे, तर आधी वारा कुठून वाहतोय ते बघायचं. बंदराकडून असेल तर उद्या बघू. बायणा, हेडलँड सडा या भागांतल्या कुठल्याही गृहिणीला विचारा, ती हेच सांगेल. वर म्हणेल, ‘आता सवय झाली गे.’

पण मैत्रिणींनो, आजचा विषय धूळ नाही. धूळ फडक्याने पुसता येते. त्या धुळीवरून आपल्या घराघरांत, वाड्यावाड्यांवर गेल्या काही वर्षांत जी फूट पडली, तिच्याबद्दल मला बोलायचंय. मुलगी एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला, आणि आई नेहमीप्रमाणे मधोमध. हे आपल्या पुरवणीत नाही बोलायचं तर कुठे बोलायचं?

आधी थोडी माहिती, कारण ‘कोळसा, कोळसा’ म्हणताना तो नेमका कुठला आणि कशाला येतो हे पुष्कळ जणींना सांगता येत नाही. गोव्यात कोळशाची खाण नाही. कोळशावर चालणारं वीज केंद्र नाही. हा कोळसा ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून बोटींनी मुरगाव बंदरात येतो आणि मुख्यतः रेल्वेने घाट चढून कर्नाटकात जातो, बळ्ळारीकडच्या पोलादाच्या कारखान्यांना. आपल्या देशात कोळसा भरपूर आहे, पण त्यात राख फार. पोलादाच्या भट्टीला लागणारा कमी राखेचा कोळसा म्हणूनच बाहेरून आणावा लागतो. बंदरातले तीन धक्के त्यासाठी खासगी कंपन्यांकडे आहेत, दोन जिंदाल समूहाकडे आणि एक अदानी समूहाकडे. २०१७ च्या सुमारास वर्षाला एक कोटी टनांहून जास्त कोळसा इथून जात होता, आणि तो पुढच्या काळात कितीतरी पटींनी वाढवायचा बेत होता. म्हणजे माल परक्याचा, कारखाना शेजारच्या राज्याचा, आणि मधल्या वाटेवर आपली घरं. बंदरापासून वेळसाव, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे आणि तिथून दूधसागरच्या कुशीतून कॅसलरॉकपर्यंत. पोर्तुगीज अमदानीत, १८८० च्या दशकात टाकलेला हा रेल्वेमार्ग. घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ. जड गाड्यांना ढकलायला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. कोळसा वाढवायचा तर हा एकेरी मार्ग अपुरा, म्हणून दुपदरीकरण.

सरकारचं म्हणणं वेगळं होतं, तेही सांगायला हवं. दुसरा रूळ प्रवाशांसाठी आहे, पर्यटनासाठी आहे, त्याचा कोळशाशी संबंध जोडू नका, असं सांगितलं गेलं. रुळांजवळ राहणाऱ्यांना ते पटलं नाही. दिवसभरात दारासमोरून किती प्रवासी गाड्या जातात आणि किती मालगाड्या, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग आली १ नोव्हेंबर २०२० ची रात्र. चांदरच्या रेल्वे फाटकावर हजारो माणसं जमली. फाटक बंद ठेवून त्या रात्री रुळांचं काम होणार होतं, ते होऊ द्यायचं नाही म्हणून. कोविडचे दिवस, तोंडाला मास्क, हातात मेणबत्त्या. कुणी गिटार आणली, कुणी घुमट आणलं असेल. पहाटेपर्यंत लोक रुळांवर बसून गात होते. घोषणा एकच, ‘गोंयांत कोळसो नाका’. त्या गर्दीत डोळ्यांत भरणारी गोष्ट म्हणजे तरुण मुलं-मुली. कॉलेजातली, नुकती नोकरीला लागलेली. पुढे पोलिसांनी सहा जणांवर गुन्हा नोंदवला.

ही मुलं त्या रात्री अचानक उगवली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आपण सगळे दारं लावून घरात बसलो होतो तेव्हा, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक व्हिडिओवर झाली. मोल्याच्या अभयारण्यातून जाणारी विजेची मोठी वाहिनी त्या बैठकीत पुढे सरकली. महामार्गाचं रुंदीकरण आणि रेल्वेचा दुसरा रूळ हे आणखी दोन प्रकल्प त्याच जंगलातून जाणार होते. मोल्याचं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर. एवढ्याशा गोव्यात तेवढं जंगल म्हणजे आपल्या नद्यांचं माहेर. घराबाहेर पडायला बंदी असताना या मुलांनी काय केलं? चित्रं काढली, पत्रं लिहिली, अभ्यास केला. कुणी शेकरूचं चित्र काढलं, कुणी बेडकांचं, कुणी वकिलीच्या पुस्तकांतून कलमं शोधून काढली. कुणी शास्त्रज्ञांना गाठलं. ‘आमचें मोलें’ हे नाव त्यातून घराघरांत पोचलं. आमच्या पिढीने मोर्चे काढले, यांनी आधी पर्यावरण अहवाल वाचले आणि मग मोर्चा काढला. मला त्याचं कौतुक वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

पण कौतुक करून लेख संपवणं सोपं आहे. ज्या घरात मूल आंदोलनात आणि चूल बंदरावर, त्या घरात जाऊन बघा.

माझ्या ओळखीचं एक घर आहे, नाव-गाव नको. वडील वीस-बावीस वर्षं बंदरावर कामाला. मुलगी कॉलेजात. हातात फलक घेतलेला तिचा फोटो कुणीतरी मोबाईलवर फिरवला, तो वडिलांच्या सहकाऱ्याने त्यांना जेवणाच्या सुट्टीत दाखवला. ‘ही तुझीच ना रे?’ एवढंच विचारलं त्याने. त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. आई रोज सकाळी दोन डबे भरते, एक कामावर जाणाऱ्याचा, एक आंदोलनाच्या बैठकीला जाणारीचा. तीच भाजी, तीच पोळी. मला म्हणाली, ‘मी कुणाच्या बाजूची असं तू विचारू नको. मी डब्यांच्या बाजूची.’

हसू नका. तिच्या बोलण्यात या सगळ्या वादाचं मर्म आहे.

त्या वडिलांचं म्हणणं ऐकायला हवं, कारण ते चळवळीच्या सभांत फारसं ऐकू येत नाही. मुरगाव बंदराचं पोट कित्येक दशकं लोखंडाच्या खनिजावर भरलं. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. काही वर्षांनी कुठे सुरू होतात न होतात तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा टाळं. खाणपट्ट्यातल्या मैत्रिणींना हे दिवस सांगायला नकोत. सांगे, केपे, डिचोली, सत्तरी... दारात उभे ट्रक गंजले, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. कितीतरी घरांत बाईच्या गळ्यातलं आधी सोनाराकडे गेलं आणि मग ती शिलाई मशीन घेऊन बसली, नाहीतर रस्त्याकडेला भजी-चहाचा गाडा टाकला. खाण बंद पडल्याच्या बातम्यांत ट्रकवाल्यांची आंदोलनं छापून आली. त्या मशीनची आणि गाड्याची बातमी कुठे आली नाही.

बंदरालाही तोच फटका. खनिज थांबलं, मग हाती उरला तो कोळसा. बंदरावरचा कामगार काही कोळशाच्या प्रेमात नाही. तो धक्क्यावर उभा असतो, सगळ्यांत जास्त धूळ त्याच्याच छातीत जाते. पण ‘कोळसो नाका’ ही घोषणा त्याच्या कानांवर ‘तुझी नोकरी नाका’ अशी पडते. एकदा खाणी बंद होताना त्याने पाहिलंय की बंद करण्याचा हुकूम एका दिवसात निघतो आणि पर्याय देऊ म्हणणारे पुढच्या निवडणुकीपर्यंत दिसत नाहीत. त्याच्या भीतीला ‘कंपनीचा माणूस’ म्हणून उडवून लावणं हा उद्धटपणा झाला. मुलांनो, तुम्ही हा मजकूर वाचत असाल तर तुम्हालाही सांगते. शेकरूचं चित्र फार सुंदर आहे. पण धक्क्यावरच्या माणसाने उद्या काय करायचं, याचंही एक चित्र काढायला हवं. बंदरात कोळशाखेरीज कुठला माल येऊ शकतो, त्यात किती हातांना काम मिळेल, कंत्राटी कामगाराचं काय, हे प्रश्न चळवळीने बंदराच्या फाटकावर जाऊन कामगारांबरोबर मांडायला हवेत. ते पुरेसं झालेलं नाही, असं माझं मत आहे.

आता दुसरी फूट. ही जास्त बोचरी, कारण ती तोंडावर बोलली जात नाही. ‘हा सासष्टीतल्या गावांचा प्रश्न.’ ‘ही इंग्रजी शिकलेली पोरं.’ ‘यांच्यामागे कोण आहे ते आम्हाला ठाऊक आहे.’ गोव्यात कुठलाही प्रश्न निघाला की दोन दिवसांत त्याला धर्म चिकटतो, तालुका चिकटतो, भाषा चिकटते. राजभाषेच्या आंदोलनाच्या वेळी, १९८० च्या दशकात, आपण हे पुरेपूर भोगलंय. धुळीला काय ठाऊक कोण कुठल्या देवाचा? तुळशीवृंदावनावर बसते तीच खुरसावर बसते. वास्कोत दामोदराचा सप्ताह असतो तेव्हा चोवीस तास अखंड भजन चालतं आणि नारळ-फुलं घेऊन सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी असतात. प्लेगच्या साथीतून सुरू झालेला हा उत्सव, असं सांगतात. रोग गावावर आला तेव्हा गाव एकत्र आलं, अशी ज्या शहराची आठवण आहे, त्याच शहरात हवेवरून गट पडावेत?

आणि या दोन्ही गटांच्या हिशेबात नसलेली माणसं कोण, सांगू? बायणा-सड्याच्या दाटीवाटीत, बंदराच्या अगदी कुशीत राहणारी उत्तर कर्नाटकातून आलेली कष्टकरी कुटुंबं. त्यांना आपण ‘भायले’ म्हणतो. धूळ त्यांच्या पत्र्यावर सगळ्यांत आधी बसते. त्यांच्यातल्याच बायका आपल्या घरी येऊन ती पुसतात! ज्या मुलखातून पोटासाठी ती इथे आली, त्याच मुलखाकडे हा कोळसा निघालेला असतो. त्यांना ना बंदरवाले विचारतात, ना ‘गोंय आमचें’ म्हणणारे. खारीवाड्यावरचे मच्छीमार निदान संघटित आहेत, बंदराच्या विस्ताराविरुद्ध त्यांनी आवाज उठवलाय, बोलायची त्यांना सवय आहे. या बायकांचं काय? त्यांच्या मुलांचा खोकला गोव्याचा धरायचा की कर्नाटकाचा?

आता मुलींबद्दल. चांदरच्या रात्रीनंतर कितीतरी आयांनी काय काय ऐकून घेतलं असेल त्याची कल्पना येते. ‘रात्रभर मुली रेल्वेवर बसल्या होत्या म्हणे!’ रूळ राहिले बाजूला, चर्चा मुलींच्या रात्रभर बाहेर राहण्याची. जत्रेत, काल्यात, नाटकाला आपण रात्ररात्र जागतो. गावाच्या देवळासमोर दशावतार पहाटेपर्यंत चालतो आणि मुली बघायला असतात. त्याला संस्कृती म्हणायचं. मग गावाच्या हवेसाठी जागलेली रात्र कुठल्या खात्यात?

गुन्हा नोंद होण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. आजच्या मुलीला पोलीस ठाण्यातला एक कागद पासपोर्टला आडवा येऊ शकतो, सरकारी नोकरीला येऊ शकतो. आईच्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे. आणि आपल्या पिढीला आणखी एक गोष्ट आठवते. जानेवारी १९९५, फोंडा तालुक्यातलं केरी. ‘नायलॉन ६,६’ च्या कारखान्याविरुद्धचं आंदोलन, पोलिसांचा गोळीबार आणि त्यात गेलेला नीलेश नाईक, वय पंचवीस. शेवटी त्या कंपनीने गोव्यातून गाशा गुंडाळला. आज केरीच्या पठाराकडे बघताना आपण म्हणतो, बरं झालं तो कारखाना आला नाही. पण ते ‘बरं झालं’ एका आईच्या जिवावर बेतलेलं आहे, हेही आपल्याला माहीत असतं. म्हणून मुलगी ‘आई, मी जाते’ म्हणाली की घशाशी ‘नको’ येतं. येणारच.

तरीही ‘नको’ म्हणून भागत नाही, कारण मुलांना गप्प बसवलं तरी प्रश्न गप्प बसत नाही. २०१७ च्या एप्रिलमधलं सत्तरीतलं सोनशी आठवा. तिथे कोळसा नव्हता, खनिजाचे ट्रक होते. गावातून दिवसभर ट्रकांची रांग, घरात, विहिरीत, जेवणाच्या ताटात लाल धूळ. गावकऱ्यांनी ट्रक अडवले. चाळीसहून जास्त जण तुरुंगात गेले, त्यांत बायकाही. जामिनासाठी पैसे भरायला त्यांनी नकार दिला. मागे गावात उरली पोरं आणि म्हातारी. त्या गावाची मागणी काय होती? धूळ थांबवा आणि आम्हाला काम द्या. दोन्ही! शहरात बसून आपण ‘पर्यावरण की रोजगार’ असा वाद रंगवतो. सोनशीच्या बाईने असं काही निवडलंच नव्हतं. तिला श्वासही हवा होता आणि भाकरीही. एकाच तोंडातून दोन्ही आत जातात, तर एकीसाठी दुसरी सोडा असं तिला कोण सांगणार?

जाता जाता एक योगायोग. आपलं चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज आणि कदंब राजांच्या काळातली राजधानी. त्याच नावाचं दुसरं चंद्रपूर विदर्भात, आणि तेही कोळशाचंच! फरक इतकाच की तिथे कोळसा जमिनीतून निघतो आणि तिथेच जळतो. २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती खाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, त्यात चंद्रपूरचा नंबर चौथा लागला. महाराष्ट्रातल्या किती घरांत त्या विजेवर मिक्सर फिरतो! तिथेही घराघरांत हेच आहे. जमीन खाणीत गेली, बदल्यात एकाला नोकरी मिळाली, त्या नोकरीवर कुटुंब उभं राहिलं, आणि त्याच घरात दम्याचा पंप फ्रिजवर ठेवलेला. त्या गावातला एक तरुण, बंडू धोत्रे, २००९ मध्ये ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध उपोषणाला बसला. वाघाच्या वाटेत खाण नको म्हणून. तो प्रस्ताव पुढे बारगळला. म्हणजे हे वेड एकट्या गोव्याच्या पोरांचं नाही, आणि ‘शिकल्या-सवरलेल्या शहरी पोरांचं’ तर नाहीच नाही.

मला राग येतो तो या पोरांचा नाही आणि त्या बापांचाही नाही. राग येतो तो या गोष्टीचा, की त्या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं ते तिसऱ्यानेच, आणि तो तिसरा खोलीत नव्हता. कोळसा किती आणायचा, कुठल्या वाटेने न्यायचा, रूळ किती टाकायचे, हे ठरलं तेव्हा बाप कुठे होता? धक्क्यावर. लेक कुठे होती? वर्गात. आई? तिला तर कुणी कधी काही विचारत नाहीच. २०१७ मध्ये बंदराच्या विस्तारासाठी वास्कोत जनसुनावणी झाली तेव्हा लोक दिवसचे दिवस बोलत राहिले. मच्छीमार बोलले, डॉक्टर बोलले, गृहिणी बोलल्या. साध्या सुनावणीला इतका वेळ लागतो याचा अर्थ काय? लोकांच्या पोटात किती साठलं होतं बघा. आणि तीन वर्षांनी मोल्याच्या जंगलाबद्दलची चर्चा झाली ती टाळेबंदीत, पडद्यावर. बोलायची जागाच काढून घेतली की माणसं कुठे भांडणार? जेवणाच्या टेबलावर! सरकारने जे ऐकायचं, ते बाप-लेक एकमेकांना ऐकवतात. आणि कोळशाच्या गाड्या वेळेवर सुटतात.

मुलांच्या खटपटीला यश आलं नाही असं नाही. गोवा फाउंडेशनने हा विषय न्यायालयात लावून धरला. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या जंगलातल्या टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. चांदरला मेणबत्ती घेऊन बसलेल्या मुलीला त्या दिवशी काय वाटलं असेल! पण निकाल जंगलातल्या टप्प्याचा होता. खाली, समुद्राकडे, वेळसाव-कासावलीच्या बाजूला लोकांची जुनी घरं आणि रूळ यांच्यातलं भांडण त्यानंतरही चालू राहिलं. घराच्या भिंतीशी येऊन ठेपलेल्या रुळांसाठी म्हाताऱ्याकोताऱ्या बायका उन्हात उभ्या राहिल्या. आणि बंदरात कोळसा येतच राहिला.

मग आपण, म्हणजे मधोमध उभ्या असलेल्या आयांनी काय करायचं? मी मोर्चाला चला म्हणत नाही. ज्यांना जायचंय त्या जातीलच. पण दोन डबे भरणाऱ्या बाईकडे एक गोष्ट आहे जी कुणाकडेच नाही. दोन्ही पक्ष तिच्या हातचं जेवतात. बाप-लेकीचं बोलणं बंद असेल तर ते सुरू करून देणं तिला जमतं. ‘तू त्याला नोकरीचं विचार’ आणि ‘तुम्ही तिला धुळीचं विचारा’ एवढं ती म्हणू शकते. माझ्या त्या मैत्रिणीने तेच केलं. एका रविवारी मुलीला म्हणाली, बाबा रात्री घरी येतात तेव्हा त्यांचे कपडे तू धू. मुलीने धुतले. काही बोलली नाही. पण पुढच्या बैठकीत तिने विचारलं म्हणे, की कामगारांना चांगले मास्क मिळतात का, त्यांच्या छातीची तपासणी होते का, हे आपण कधी का मागितलं नाही? त्या प्रश्नावर वडील पहिल्यांदा तिच्याशी बोलले. ‘मास्क देतात, पण...’ असं सुरू झालं, आणि बराच वेळ चाललं म्हणे.

दुसरं, आपल्या स्वयंसहाय्य गटांत, महिला मंडळांत हळदीकुंकवाबरोबर हाही विषय यायला काय हरकत आहे? आपल्या भागातल्या हवेची मोजणी कोण करतं, आकडे कुठे लावतात, ते आपल्याला कळेल अशा भाषेत का नाहीत, हे विचारायला पदवी लागत नाही. हवेतल्या बारीक धुलिकणांना आपल्या देशात मर्यादा घालून दिली आहे. पीएम १० साठी वर्षाची सरासरी घनमीटरमागे साठ मायक्रोग्रॅम, आणि त्याहून बारीक, थेट फुप्फुसात खोल जाणाऱ्या पीएम २.५ साठी चाळीस. आपल्या वाड्यावरचा आकडा किती, एवढा साधा प्रश्न. साखर किती आणि रक्तदाब किती हे जसं आपण डॉक्टरांना विचारतो, तसं. ढिगाऱ्यांवर पाणी मारतात का, वाघिणींवर ताडपत्री असते का, वारा सुटला की काम थांबवतात का, हे तर आपण गॅलरीतून बघूही शकतो. तारीख आणि वेळ घालून वहीत लिहून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो त्याच वहीत. सड्यावरच्या चार बायकांनी तीन महिने अशी नोंद ठेवली तर उद्या सुनावणीत ‘धूळ फार आहे हो’ म्हणण्यापेक्षा तिला वजन येईल. नोंद करताना गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या बाईलाही बरोबर घ्या. तिचं घर बंदराला जास्त जवळ आहे.

आणि ग्रामसभेत, पालिकेत हा विषय न्यायचा असेल तर आधी लेखी द्या, पोच घ्या, दोन प्रती ठेवा. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव. सभेला मुलीला पाठवाल तर तिच्या बाबांनाही घेऊन जा. रविवारी ड्युटी असेल, तर कुणाशी बदलून घेता येते का ते आधी विचारून ठेवा.